घरच्या हरितगृहात घटपर्णी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मी पुण्यात गच्चीवरच्या छोट्या हरितगृहात घटपर्णी वाढवते आहे. पावसाळ्यात नवं रोप आणलेल्यांचे फोन येतात आणि एप्रिल-मेमध्ये रोप सुकत चाललेल्यांचे. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह एका जागी लिहून ठेवले. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण निम्मी उत्तरं तिच्यातूनच निघतात. ही झाडं नापीक जमिनीत वाढणारी आहेत. मुळांना खायला फारसं मिळत नाही म्हणून तर त्यांनी किडे धरायची सोय केली. तुळशी-मोगऱ्याला आपण मायेने जे देतो, ते शेणखत, काळी माती, बोअरचं पाणी, यांना सोसत नाही.

१. घटपर्णी म्हणजे नेमकं काय? तो लटकणारा घट म्हणजे तिचं फूल का?

फूल नाही, पान. पानाचा चपटा भाग पुढे निमुळता होत दोरीसारखा तणावा बनतो आणि तणाव्याचं टोक फुगून घट तयार होतो. नर्सरीत याला सरसकट ‘पिचर’ म्हणतात. सुरुवातीला घट बंद असतो आणि आत झाडानेच पाझरलेला द्रव असतो. वाढ पुरी झाली की झाकण उघडतं, ते एकदाच. माशी बसली की झाकण मिटतं हा समज चुकीचा आहे. मिटतो तो व्हीनस फ्लायट्रॅप, ते झाड निराळं.

घटपर्णीची शिकार घसरून पडते. घटाच्या ओठावर अगदी बारीक खाचा असतात. दवाने किंवा पावसाने त्या ओल्या झाल्या की त्यांवर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि मुंगीचे पाय टिकत नाहीत. सकाळी साडेसहाला भिंग घेऊन पाहा: झाकणाच्या खालच्या बाजूला मधाचे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब, तणाव्यावरून वर चढणारी मुंग्यांची रांग, आणि दहा-पंधरा जणी सुखरूप परतल्यावर एखादीच आत. म्हणूनच रांग चालू राहते. आतल्या द्रवात पाचकरस असतात. वाळलेला जुना घट मी उभा चिरून बघते, तेव्हा तळाशी मुंग्यांच्या डोक्यांचा काळा चुरा आणि कधी मधमाशीचा एखादा पंख सापडतो. टणक कवच तेवढं उरतं, बाकी सगळं झाडाने घेतलेलं असतं.

२. आपल्या सह्याद्रीत सापडते का? कासवरून आणता येईल का?

नाही. कासच्या पठारावर कीटकभक्षी वनस्पती आहेत, पण त्या वेगळ्या: चिकट थेंबांची ड्रॉसेरा आणि जांभळ्या फुलांची सीतेची आसवं. त्याही तिथेच राहू द्याव्यात. घटपर्णीची भारतात रानात वाढणारी जात एकच, नेपेंथिस खासियाना, आणि तीही मेघालयात खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांवर. गारो लोक तिला ‘मेमांग कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली म्हणतात. बाकीच्या जातींचं मुख्य घर बोर्निओ, सुमात्रा, मलाया, फिलिपीन्स. श्रीलंकेत एक आहे, मादागास्करातही आहेत. खासियाना घरी ठेवण्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

३. पहिलं रोप कोणतं घेऊ?

व्हेंट्राटा नावाची संकरित जात. जवळपास प्रत्येक मोठ्या नर्सरीत टांगलेली दिसते, थोडं थंड, थोडं गरम, थोडं कोरडं सगळं सोसते आणि चुका माफ करते. दुसरं नाव मिरांडा, घट मोठे आणि लाल ठिपक्यांचे. कोकणात किंवा मुंबईत असाल तर मिराबिलिस आणि अँपुलारिया सहज घ्या. दुर्मीळ जातीची चिमुकली महाग रोपं पहिल्या वर्षी नकोत. रोप घेताना घट किती आहेत ते मोजू नका, मधला कोंब बघा. तो ताजा हिरवा असेल आणि नवीन पान उलगडत असेल तर रोप चांगलं.

४. आमच्या गावच्या हवेत जगेल का?

आधी हे समजून घ्या की घटपर्णीचे ढोबळ दोन गट आहेत. समुद्रसपाटीपासून साधारण १००० मीटरपर्यंत वाढणाऱ्या त्या सखल भागातल्या. त्यांना दिवसा २८ ते ३४ अंश आणि रात्री २० च्या वर लागतं. त्याहून उंचावरच्या डोंगरी जातींना दिवसा २० ते २६ आणि रात्री १० ते १५.

कोकणपट्टी, मुंबई, गोवा: सखल जातींना ही हवा जवळजवळ माहेरासारखी. तिथे ऊन आणि पाणी सांभाळलं की झालं. पुणे, नाशिक, कोल्हापूर: मधल्या हवामानाच्या आणि संकरित जाती उत्तम, पण मार्च ते मे कोरडेपणा छळतो. नागपूर, अकोला, जळगाव: पावसाळ्यात छान, पण उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा रोपं घरात, कूलरच्या हवेच्या वाटेपासून थोडी बाजूला ठेवावी लागतात. डोंगरी जातींबद्दल प्रश्न १५ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

५. हरितगृह लागतंच का? केवढं? आणि चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावायचं ना?

एक-दोन व्हेंट्राटांना पूर्वेकडची गॅलरी पुरते. पाच-सहा रोपं झाली की हरितगृह उपयोगी पडतं, कारण ओलावा एकेका रोपाभोवती टिकवण्यापेक्षा एका खोलीत टिकवणं सोपं.

चारी बाजूंनी प्लॅस्टिक मात्र लावू नका. हरितगृह म्हटलं की थंड देशातली काचघरं डोळ्यांसमोर येतात. ती ऊब कोंडण्यासाठी असतात. आपली गरज उलटी आहे: ऊब बाहेर जाऊ द्यायची आणि दमटपणा आत ठेवायचा. एप्रिलच्या दुपारी बंद प्लॅस्टिकघरात तासाभरात पानं भाजून निघतात.

माझं घर ८ बाय ६ फुटांचं, ७ फूट उंच, लोखंडी पाइपांचं. वर उन्हाला टिकणारा पॉलिथिनचा कागद आणि त्यावर हातभर अंतर सोडून ५० टक्के सावलीची शेडनेट. चारी बाजूंना नुसती शेडनेट, पश्चिमेला मार्च ते मे दुहेरी. खाली विटा मांडून त्यांवर दोन इंच जाड वाळू पसरली आहे. उन्हाळ्यात सकाळी अकराला आणि दुपारी तीनला ही वाळू भिजवते. भिंतीला टांगलेली गोणपाटंही ओली करते. परवाच्या एप्रिलमध्ये बाहेर आर्द्रता १८ टक्के असताना आत ५५ दिसत होती, आणि त्यात यंत्र म्हणाल तर एक लहान पंखा. तो दिवसभर मंद चालू असतो. हवा हलली नाही की पानांवर बुरशीचे काळे डाग पडतात. थंडीत रात्री बाजूंचे प्लॅस्टिकचे पडदे खाली सोडते आणि सकाळी नऊला गुंडाळते. आर्द्रतामापक घ्याच, स्वस्तात मिळतो. अंदाजावर राहिलं की आपण रोपाला ओलावा देण्याऐवजी पाणीच जास्त घालत बसतो.

फॉगर (बारीक धुकं सोडणारं यंत्र) लावायचा असेल तर त्यातही प्रश्न ६ मध्ये सांगितलेलं पाणीच वापरा, नाहीतर पानांवर क्षारांची पांढरी भुकटी बसते. सोसायटीत राहात असाल तर गच्चीवर काही उभारण्याआधी परवानगी घ्या आणि सांगाडा वादळवाऱ्यासाठी पक्का बांधा.

६. कोणतं पाणी घालायचं? बोअरचं चालेल का?

बोअरचं नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

माझी पहिली तीन रोपं बोअरच्या पाण्याने गेली. दोन महिने काही कळलं नाही. मग कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसायला लागली, नव्या पानांची टोकं तपकिरी झाली, घट येईनासे झाले. पाणी कमी पडतंय असं वाटून मी आणखी घालत गेले. रोप उपटून पाहिलं तेव्हा मुळांचा पत्ताच नव्हता. नंतर मोजलं, त्या पाण्याचा टीडीएस ६०० च्या पुढे होता.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. ५० च्या खाली असेल तर उत्तम. १०० पर्यंत चालतं, पण अधूनमधून कुंडी पावसाच्या पाण्याने धुऊन काढावी लागते. मोजायचं पेनासारखं यंत्र मिळतं, ते एकदाच घ्यायचं.

पावसाचं पाणी पहिल्या पसंतीचं. पहिल्या दोन-तीन सरी गच्ची धुण्यासाठी जाऊ द्या, मग साठवा. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सहा चौरस मीटरचा कागद ताणला आणि हंगामात ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४२०० लिटर पडतं. त्यातले चार-पाच पिंप भरले तरी माझा उन्हाळा निघतो. पिंपाच्या तोंडाला जाळी हवीच.

एसीचं टपकणारं पाणीही चांगलं, कारण ती हवेतलीच वाफ असते. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवस मात्र ते घेऊ नका, जाळी धुण्याचं रसायन त्यात उतरतं. घरच्या आरओचं पाणी मोजून घ्या. कित्येक यंत्रं चवीसाठी क्षार परत मिसळतात. आणि आरओच्या बारीक नळीतून वाया जाणारं पाणी तर मुळीच नको, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. पाणी उकळून उपयोग नाही, बहुतेक क्षार मागेच राहतात.

७. पाणी किती वेळा? कुंडी ताटलीतल्या पाण्यात ठेवू का?

ताटलीत नको. इंटरनेटवर कीटकभक्षी झाडं पाण्यात उभी दिसतात ती सरासिनिया किंवा ड्रॉसेरा असतात, दलदलीतली. घटपर्णीच्या मुळांना ओल हवी, पण हवाही हवी. वरून भरपूर पाणी घाला, खालून निथळू द्या आणि वरचा थर नुसता दमट राहिला की पुन्हा घाला. उन्हाळ्यात हे रोजचं काम होतं, थंडीत तीन-चार दिवसांआड. पूर्ण कोरडं एकदाही होऊ देऊ नका.

८. कुंडीत माती कोणती? थोडं शेणखत किंवा गांडूळखत घालू ना?

मातीही नको, खतही नको. मी नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) एक भाग आणि लाकडी कोळशाचे बारीक तुकडे मूठभर घालते. स्फॅग्नम शेवाळ मिळालं तर एक भाग तेही. मिश्रण हातात घट्ट दाबून सोडलं की पुन्हा फुललं पाहिजे.

सोडण बऱ्याचदा खाडीच्या पाण्यात कुजवलेलं असतं, त्यामुळे त्यात मीठ असतं. नवे तुकडे रात्रभर भिजवायचे, पाणी ओतून द्यायचं, असं तीन ते चार वेळा, निथळलेल्या पाण्याचा टीडीएस १०० च्या खाली येईपर्यंत. या कामाला बोअरचं पाणी वापरलं तरी शेवटचे दोन हात चांगल्या पाण्याचे द्या. कुंडी दीड-दोन वर्षांनी बदलायची, पावसाळ्याच्या तोंडावर. मुळं काळी आणि केसांसारखी नाजूक असतात. काळी आहेत म्हणून सडली असं समजू नका, चिवट असतील तर जिवंत आहेत.

९. ऊन किती?

सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास थेट, बाकी दिवस ५० टक्के शेडनेटखाली. पान स्वतःच सांगतं. गर्द हिरवं, लांब, लोंबतं पान म्हणजे उजेड कमी. किंचित लालसर झाक असलेलं आखूड ताठ पान म्हणजे नेमका उजेड. पिवळट आणि मध्ये कोरडे चट्टे म्हणजे भाजतंय.

१०. मी किडे पकडून घालायचे का? चिकनचा तुकडा चालेल?

चिकन, दूध, पनीर काहीही नको. घट सडतो, वास येतो आणि माश्यांचा त्रास वेगळाच. बाजू शेडनेटच्या असतील तर मुंग्या आणि चिलटं आपोआप येतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. बंद खोलीत किंवा काचपेटीत ठेवत असाल तर माशांच्या खाद्याचा एक दाणा, एका घटात, तीन आठवड्यांतून एकदा. सगळ्या घटांत एकाच वेळी टाकू नका.

अँपुलारिया यात निराळी आहे. तिचं झाकण मागे वळलेलं असतं आणि बोर्निओच्या जंगलात वरून गळणारा पालापाचोळा तिच्या घटांत पडतो. त्यातूनही ती नत्र घेते. मी तिच्यात वाळक्या पानाचे दोन-चार तुकडे टाकते.

११. घटात पाणी भरायचं का?

नाही, झाड स्वतः द्रव तयार करतं. अपवाद एकच: कुरिअरमध्ये किंवा रिक्षात आडवा होऊन द्रव सांडला असेल तर तळाचा एक तृतीयांश भाग चांगल्या पाण्याने भरा. काठोकाठ मात्र नको.

१२. सगळं नीट आहे, पानं येतात, पण घटच येत नाहीत. का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. पहिली गोष्ट, एका पानाला एकच घट, तोही एकदाच. ज्या पानाचं टोक वाळलं त्याला पुन्हा घट येणार नाही, मग तुम्ही काहीही करा. म्हणून सुधारणा केल्यावर जुन्या पानांकडे बघत बसू नका, पुढच्या दोन-तीन पानांची वाट पाहा. याला दोन ते तीन महिने लागतात. नर्सरीतून घरी आलेलं रोपही तेवढाच काळ रुसतं. त्या दिवसांत जागा सारखी बदलू नका.

मग तणाव्याचं टोक बघा. तिथे मोहरीएवढी गाठ येऊन काळी पडत असेल तर हवा कोरडी आहे, प्रश्न ५ कडे जा. गाठच येत नसेल आणि पानं गर्द, लांब असतील तर उजेड कमी (प्रश्न ९). पानं छान मोठी, तजेलदार आणि तरी घट नाहीत, असं असेल तर कुंडीत कुणीतरी खत घातलं आहे. मुळांतून पोट भरलं की झाड घटावर खर्च करत नाही. घरात विचारून पाहा, बहुतेक वेळा आजींनी किंवा माळीदादांनी चांगल्या मनाने चमचाभर टाकलेलं असतं. कुंडीचं मिश्रण बदलून टाका. नवी पानं आधीच्यापेक्षा लहान होत चालली असतील तर मुळं बिघडली आहेत, पाणी तपासा. आणि थंडीत सखल जातींना घट आले नाहीत तर काळजी नको, फेब्रुवारीनंतर येतात.

१३. घट वरून सुकत चाललाय. कापू का? आणि डेंग्यूचे डास होतात का त्यात?

घटाचं आयुष्य काही महिन्यांचं, नंतर तो झाकणापासून खाली तपकिरी होत जातो. अर्ध्याहून जास्त सुकला की तेवढाच कापा, पान हिरवं असेपर्यंत ठेवा.

डासांची भीती रास्त आहे. रानात काही डासांच्या अळ्या घटांतच वाढतात, पाचकरस त्यांना बाधत नाहीत. घरी धोका असतो तो पावसाने भरलेल्या जुन्या घटांचा आणि त्याहून जास्त कुंड्यांखालच्या ताटल्या, बादल्या, उघडे पिंप यांचा. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून मी दर रविवारी सगळं उपडं करते आणि घटांत टॉर्च मारून बघते. अळी दिसली की तो घट रिकामा करून थोडं स्वच्छ पाणी घालते.

१४. किडे खाणाऱ्या झाडाला कीड कशी लागते?

लागते, कारण पानांचा रस शोषणारे किडे घटाकडे फिरकतच नाहीत. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून एकेक पुसून काढा. खवले कीड नखाने खरवडून निघते. उन्हाळ्यात लाल कोळी येतो, पानाखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके. हवा दमट ठेवली आणि पानांची खालची बाजू पाण्याने धुतली की तो हटतो. निंबोळी तेल संध्याकाळी, पातळ करून, घटांची तोंडं चुकवून फवारा. दुपारी फवारलं तर पान भाजतं.

१५. राजा नावाची प्रचंड घटाची जात पुण्यात वाढेल का?

साध्या शेडनेटघरात नाही. नेपेंथिस राजा बोर्निओत, साबामधल्या किनाबालू आणि तांबुयुकोन या पर्वतांवर १५०० ते २६५० मीटर उंचीवर वाढते. तिचा घट दोन लिटरहून जास्त द्रव धरतो. तिथे एक चिचुंदरीसारखा प्राणी झाकणावरचा मध चाटायला घटावर बसतो आणि त्याची विष्ठा आत पडते, तेच झाडाचं खत. हे ऐकून कुणालाही ती हवीशी वाटेल, मलाही वाटली. पण तिला दररोज रात्री गारवा लागतो, आणि पुण्याच्या मेमधल्या २४-२५ अंशांच्या रात्री तिला महिनाभरात खालावतात. एसी किंवा जुन्या फ्रिजची थंड पेटी बारा महिने चालवायची तयारी असेल तरच विचार करा. महाबळेश्वर-पाचगणीकरांना डोंगरी जाती तुलनेने सोप्या जातील. बाकीच्यांनी व्हेंट्रिकोसा आणि तिचे संकर घ्यावेत, डोंगरी वळणाचे असूनही उष्णता बरीच सोसतात.

१६. खासियाना घरी ठेवणं कायदेशीर आहे का? परदेशातून रोप मागवता येतं का?

खासियाना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली नाव घेऊन संरक्षित आहे. रानातून तोडणं, उपटणं, बाळगणं गुन्हा, आणि लागवड-विक्रीलाही परवाना लागतो. साइट्स म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार; त्याच्या पहिल्या परिशिष्टात घटपर्णींपैकी दोनच जाती आहेत, खासियाना आणि राजा. बाकी सगळ्या दुसऱ्या परिशिष्टात. ‘मेघालयातून थेट आणलेलं रोप’ असं कुणी सांगत असेल तर घेऊ नका. खाणी, जंगलतोड आणि अशीच उपटाउपट यांनी ती आधीच धोक्यात आली आहे. गारो टेकड्यांतल्या बाघमाराला तिच्यासाठी राखीव क्षेत्र आहे. पाहायची तर तिथे जाऊन पाहावी.

परदेशातून मागवायला साइट्सचा परवाना, त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि आपल्याकडचा आयात परवाना लागतो. पाकिटात लपवून येणारी रोपं जप्त होतात. भारतात ऊतिसंवर्धनातून किंवा कटिंगवरून वाढवलेली रोपं मिळतात, ती बिलासह घ्या.

१७. वेल चार फूट वाढली, खालचे घट संपले. काय करू? बी लावून वाढतं का?

घटपर्णी मुळात वेल आहे. लहानपणी जमिनीलगत गुबगुबीत घट, उंच झाल्यावर वर सडपातळ, वेगळ्याच आकाराचे. काठीचा आधार द्या किंवा कापा. कापल्यावर बुडातून नवे फुटवे येतात.

कापलेल्या भागाची रोपं होतात. जून ते ऑगस्ट उत्तम. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा, खाली तिरका काप, पानं निम्मी छाटलेली, ओल्या शेवाळात किंवा धुतलेल्या सोडणात खोचायचा, वर पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. मुळं यायला दीड ते तीन महिने लागतात. ओढून बघू नका, नवा कोंब फुटला की मुळं आली.

बियांचं काम अवघड. नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि ती एकाच वेळी फुलावी लागतात. दोऱ्यासारखं हलकं बी काही आठवड्यांतच उगवण गमावतं. विकत मिळणाऱ्या पाकिटांवर पैसे घालवू नका.

१८. पंधरा दिवस गावी जायचंय. रोपांचं काय?

पावसाळ्यात फारशी अडचण नाही. कुंड्या नीट भिजवून एकमेकींना चिकटवून ठेवा, पश्चिमेचा पडदा सोडा. थंडीत तीन-चार दिवसांआड आणि उन्हाळ्यात रोज पाणी घालायला कुणाला तरी सांगावंच लागतं. शेजारच्या काकूंना चावी देताना पावसाच्या पाण्याच्या बाटल्या भरून दारापाशी ठेवा, एका दिवसाला एक, आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात लिहा: ‘फक्त हेच पाणी. बाटल्या संपल्या तर फोन करा, नळाचं घालू नका.’